सेलूच्या घरातील कॅमेरे पुण्यातून दिसत नाहीत : राउटरची मांडणी कशी करावी?

दुधनाकाठ :

नमस्कार. सेलू तालुक्यातील आमच्या गावच्या घरी आई-वडील दोघेच राहतात. वडिलांचे वय ७४, आईचे ६९. मी आणि धाकटा भाऊ नोकरीनिमित्त पुण्यात असतो. मागील वर्षी वेचणीचा कापूस घरात असताना एका रात्री परसाच्या बाजूने कोणीतरी भिंत चढून आत आले होते. काही चोरीला गेले नाही, परंतु तेव्हापासून वडिलांची झोप गेली ती गेलीच. म्हणून दिवाळीत गावी गेलो तेव्हा २ मेगापिक्सेलचे चार कॅमेरे आणि एक डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) बसवून घेतला.

अडचण अशी आहे की गावातील घरच्या वायफायला मोबाइल जोडला की ॲपमध्ये चारही कॅमेरे स्वच्छ दिसतात आणि पुण्यात आलो की तेच ॲप 'उपकरण ऑफलाइन आहे' एवढेच सांगते. ज्यांनी कॅमेरे बसवले त्यांना तीन वेळा फोन केला. पहिल्यांदा ते येऊन राउटरमध्ये ८०, ५५४ आणि ८००० हे पोर्ट उघडून गेले, दुसऱ्यांदा त्यांनी डीव्हीआर डीएमझेडमध्ये टाकला (म्हणजे बाहेरून येणारी सगळी वाहतूक त्याच्याकडे वळवली), आणि आता ते म्हणतात की स्टॅटिक आयपी (कधी न बदलणारा इंटरनेट पत्ता) विकत घेतल्याशिवाय हे होणार नाही. इंटरनेट गावातल्या केबलवाल्याकडून फायबरने येते. त्यांनी दिलेला डबा समोरच्या ओसरीत आहे; त्याचे वायफाय माजघरापर्यंत पोचत नाही, म्हणून मी पुण्याहून एक राउटर नेऊन आत लावला आहे आणि डीव्हीआर त्या आतल्या राउटरला जोडलेला आहे. दरवर्षी पैसे भरण्यास माझी हरकत नाही, पण पैसे भरूनही कॅमेरे दिसले नाहीत तर वडिलांना काय सांगू? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बालाघाट :

आपण घाईने पैसे भरू नका. मी अंबाजोगाईच्या परिसरात बरीच वर्षे हीच कामे करतो, आणि पोर्ट उघडणे हा पहिला उपाय म्हणून सुचवला जातो तेव्हा मला नेहमी वाटते की रोग्याची नाडी न पाहताच औषध दिले जात आहे. आधी आपल्या घराला बाहेरच्या जगात स्वतःचा पत्ता आहे की नाही, ते पाहावे लागेल.

जुन्या वाड्यात जसा एकच दिंडी दरवाजा असतो आणि आतल्या सोप्याची, माजघराची, बळदाची ओळख फक्त वाड्यातल्या माणसांना असते, तसेच घरातील नेटवर्कचे असते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते हे आतल्या खोल्यांसारखे असतात. १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्तेही त्याच जातीचे. ते लाखो घरांत एकसारखेच असतात, त्यामुळे पुण्याहून कोणी '१९२.१६८.०.६४ कडे जायचे आहे' असे म्हटले तर इंटरनेटला ते घर सापडू शकत नाही. बाहेरून दिसतो तो फक्त दरवाजा, म्हणजे राउटरच्या वॅन (बाहेरच्या तारेकडील) बाजूचा पत्ता. पोर्ट उघडणे म्हणजे त्या दरवाज्यावर 'अमुक कामासाठी आलेल्याला अमुक खोलीत सोडा' असे सांगून ठेवणे.

आता खेड्यापाड्यांतील बहुतेक जोडण्यांत या वाड्याभोवती आणखी एक गढी असते. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत, आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. नंतर धंद्यात आलेल्या छोट्या सेवादात्यांना प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळा पत्ता कोठून मिळणार? म्हणून ते अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात आणि प्रत्येक घराला १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातील एक आतला पत्ता देतात. हा पट्टा २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही वाड्याचा दरवाजा कितीही उघडा ठेवलात, तरी गढीची वेस सेवादात्याच्या ताब्यात असते.

म्हणून वडिलांना किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला पुढील आकडे वाचून दाखवायला सांगा. आतल्या राउटरच्या स्थिती-पानावर वॅन आयपी काय आहे, ओसरीतल्या डब्याच्या पानावर वॅन आयपी काय आहे, आणि घरच्या वायफायवरून 'माझा आयपी' दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर काय दिसते. यानंतर डीव्हीआरला जोडलेल्या पडद्यावर नेटवर्कच्या पानावरील आयपी, सबनेट मास्क (नेटवर्कची हद्द), गेटवे (बाहेर जाण्याचे दार) आणि डीएनएस (नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हे चार आकडे जसेच्या तसे लिहून घ्या. गेटवेचा आकडा विशेष काळजीने वाचावा.

मांजरातीर :

आपल्या दोघांच्या संवादात मध्येच शिरतो, कारण माझा प्रश्न याला लागूनच आहे. औसा तालुक्यात आमचा सोयाबीन ठेवण्याचा गोठ्यालगतचा गोदामवजा पत्र्याचा शेड आहे. तेथे फायबर नाही, सिमकार्डाचा ४जी राउटर आहे. त्याच्या वॅनचा पत्ता १० ने सुरू होतो. म्हणजे माझ्या बाबतीत पोर्ट उघडण्याचा काहीच उपयोग नाही, असे समजावे का?

बालाघाट :

होय. मोबाइल सिमवरची जोडणी जवळजवळ नेहमीच गढीच्या आत असते. आपल्या शेडबद्दल खाली सविस्तर लिहितो, आधी सेलूचे आकडे येऊ द्या.

दुधनाकाठ :

आकडे मिळाले. वडिलांनी चष्मा लावून, टीव्हीसमोर खुर्ची ओढून, एकेक अंक मला फोनवर वाचून दाखवला आणि प्रत्येक टिंबाच्या ठिकाणी 'पूर्णविराम' असे म्हणाले. पाऊण तास लागला, पण एकही आकडा चुकला नाही.

आतल्या राउटरचा वॅन आयपी १९२.१६८.१.३४ आहे. ओसरीतल्या डब्याचा वॅन आयपी १००.७२ ने सुरू होतो. संकेतस्थळावर मात्र तिसराच, १०३ ने सुरू होणारा पत्ता दिसतो. डीव्हीआरवर आयपी १९२.१६८.०.६४, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१ आणि डीएनएसच्या दोन्ही जागा रिकाम्या आहेत. डीएचसीपीसमोरची (पत्ता आपोआप मिळण्याच्या सोयीसमोरची) खूण काढलेली आहे.

बालाघाट :

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी वाचलेल्या आकड्यांत तीन वेगवेगळ्या गाठी आहेत, आणि मला वाटते की तिसरी सुटली की आपले काम होईल.

पहिली गाठ म्हणजे दुहेरी नॅट, म्हणजे पत्ते बदलणारे दोन राउटर एकामागे एक. ओसरीतला डबा १९२.१६८.१ ची वसाहत (त्या पट्ट्यातील पत्त्यांचे नेटवर्क) चालवतो आणि आतला राउटर त्याच्यापुढे स्वतःची १९२.१६८.० ची वसाहत चालवतो. तंत्रज्ञांनी पोर्ट उघडले ते बहुधा फक्त आतल्या राउटरवर, म्हणजे माजघराचे दार उघडले आणि दिंडी दरवाजा बंदच राहिला. दुसरी गाठ म्हणजे सीजीनॅट, १००.७२ हा आकडा ते स्पष्ट सांगतो, आणि संकेतस्थळावर दिसणारा १०३ चा पत्ता आपला एकट्याचा नाही, तो अनेक घरांचा सामायिक आहे. या स्थितीत बाहेरून आत येणारा कोणताही रस्ता उघडणे आपल्या हातात नाही. डीडीएनएस हाही येथे उपाय नाही. बदलत्या सार्वजनिक पत्त्याला एक कायम नाव देणे एवढेच त्याचे काम, आणि जिथे सार्वजनिक पत्ताच नाही तिथे नाव देऊन काय होणार?

परंतु आजच्या बहुतेक डीव्हीआरना बाहेरून आत येणाऱ्या रस्त्याची गरजच नसते. यंत्राच्या बुडाशी जो क्यूआर कोड असतो तो पी२पी पद्धतीचा असतो. डीव्हीआर स्वतःहून निर्मात्याच्या सर्व्हरशी बाहेरच्या दिशेने संपर्क ठेवून बसतो, आपला मोबाइलही त्याच सर्व्हरला विचारतो, आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. शक्य झाले तर पुढे दोघे थेट बोलतात, नाही तर सर्व्हर मध्यस्थ राहून चित्र पोचवतो. आतून बाहेर जाणाऱ्याला गढीची वेस अडवत नाही. मग आपला डीव्हीआर ऑफलाइन का? कारण त्याचा गेटवे चुकीचा आहे, ही तिसरी गाठ. तो १९२.१६८.० च्या वसाहतीत राहतो आणि बाहेर जाण्यासाठी १९२.१६८.१.१ चे दार शोधतो. ते दार त्याच्या वसाहतीत नाहीच. घरात मोबाइल त्याच वसाहतीत असतो म्हणून चित्र दिसते. गेटवे फक्त बाहेर जाताना लागतो. तंत्रज्ञांनी बहुधा हे आकडे ओसरीतल्या डब्याच्या हिशेबाने भरले, आणि नंतर आयपी तेवढा बदलून गेटवे तसाच ठेवला.

यावर दोन मार्ग आहेत. लहान मार्ग असा की गेटवे १९२.१६८.०.१ करावा, डीएनएसमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरावे, आणि पी२पी किंवा क्लाउड असे जे पान असेल तेथे 'ऑनलाइन' असा शब्द येतो का ते पाहावे. मला अधिक पसंत असलेला मार्ग असा की आतला राउटर राउटर म्हणून चालवूच नये. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये (फक्त वायफाय पसरवण्यापुरते) ठेवले, किंवा तशी सोय नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ करून, त्याचे डीएचसीपी बंद करून, ओसरीतून येणारी तार वॅनऐवजी लॅनच्या खाचेत लावली, की सगळे घर एकाच वसाहतीत येते. मग डीव्हीआरला डीएचसीपीवर ठेवून ओसरीतल्या डब्यात त्याच्या मॅक पत्त्यासाठी (यंत्राच्या ओळखक्रमांकासाठी) एक आयपी कायमचा राखून ठेवावा. हाताने आकडे भरण्याची वेळच येऊ नये, हे माझे मत आहे. आज बरोबर भरलेले आकडे केबलवाल्याने उद्या डबा बदलला की चुकीचे ठरतात.

आणि काहीही करा, पण उघडलेले पोर्ट, डीएमझेड आणि यूपीएनपी (यंत्रांनी स्वतःहून पोर्ट उघडण्याची सोय) आधी बंद करा. आज सीजीनॅटमुळे त्यांचा अपाय झालेला नाही. उद्या आपण स्टॅटिक आयपी घेतला असता आणि डबा ब्रिज मोडवर (तो पत्ता थेट आतल्या राउटरला देणाऱ्या स्थितीत) नेला असता, तर त्या क्षणी आपला डीव्हीआर संपूर्ण जगासमोर उघडा पडला असता.

वाळूजची पाळी :

बालाघाट यांच्या निदानाशी मी सहमत आहे, परंतु पोर्टबद्दल एवढी भीती घालणे मला पटत नाही. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत माझे सुटे भाग तयार करण्याचे छोटे युनिट आहे. मी सहा वर्षांपासून स्टॅटिक आयपी घेऊन पोर्ट फॉरवर्डिंगवरच कॅमेरे पाहतो. पासवर्ड मोठा आहे, आणि नेहमीचा पोर्ट बदलून मी भलताच पाचअंकी पोर्ट ठेवला आहे. पी२पीमध्ये माझ्या कारखान्याचे चित्र परक्या कंपनीच्या सर्व्हरच्या भरवशावर राहते, ते मला अधिक धोक्याचे वाटते. ज्याच्या घरात आई-वडील एकटे आहेत त्यानेही हा विचार करायला नको का?

पूर्णाकाठ :

वाळूजच्या मित्रांना माझा अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. वसमतला आमचे हळदीचे दुकान आणि मागे कोठार आहे. आमच्याकडेही सार्वजनिक आयपी होता आणि डीव्हीआर थेट उघडा होता. पासवर्ड मोठा होता, पण डीव्हीआरचे फर्मवेअर (यंत्राच्या आतली प्रणाली) बसवल्या दिवसापासून कधीही बदललेले नव्हते. एके दिवशी सकाळी पडद्यावर कॅमेऱ्यांच्या नावांच्या जागी अनोळखी अक्षरे दिसू लागली आणि आमचाच पासवर्ड चालेनासा झाला. हळदीच्या हंगामातले, आवकेच्या दिवसांतले चित्रण त्यात होते, आणि यंत्र मूळ स्थितीत आणण्याच्या खटपटीत ते सगळे गेले. कोणी केले ते अखेरपर्यंत कळले नाही. त्या आठवड्यात दुकानात कोण आले, कोण गेले, कोठाराला कुलूप कधी लागले, हे कोणीतरी दूर बसून पाहत असेल, ही कल्पना मला अजूनही अस्वस्थ करते.

बालाघाट :

वाळूजच्या मित्रांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे आणि त्या अर्ध्याचे उत्तर मला द्यायलाच हवे. पी२पीमध्ये निर्मात्यावर विश्वास ठेवावा लागतो, हे खरे. परंतु दुसरा पर्याय उघडा पोर्ट हा नव्हे.

भलताच पोर्ट ठेवल्याने यंत्र लपत नाही. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी झेडमॅप नावाचे साधन प्रसिद्ध केले. चांगल्या वेगाच्या एका संगणकावरून चौथ्या आवृत्तीच्या सगळ्या सार्वजनिक पत्त्यांवर एखादा पोर्ट उघडा आहे का, हे ते पाऊण तासाच्या आत तपासते. ज्यांना पाचअंकी पोर्ट शोधायचे आहेत त्यांना अधिक वेळ लागतो, पण ते सापडतात. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रणालीने अशीच उघडी यंत्रे, प्रामुख्याने कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर, कारखान्यातून आलेल्या मूळ पासवर्डांची एक छोटी यादी वापरून ताब्यात घेतली, आणि त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांचा मारा डाइन या डीएनएस सेवेवर झाल्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. मोठा पासवर्ड मिराईपासून वाचवतो. परंतु डीव्हीआरच्या फर्मवेअरमध्येच पासवर्ड न विचारता आत जाण्याची फट असेल, तर पासवर्डाची लांबी कामाला येत नाही. नामांकित निर्मात्यांच्या यंत्रांतही अशा फटी सापडलेल्या आहेत. पूर्णाकाठ यांच्याकडे तेच घडले असावे.

ज्यांच्याकडे स्वतःचा सार्वजनिक आयपी आहे त्यांनी व्हीपीएन (घरापर्यंतचा कुलूपबंद खासगी रस्ता) वापरावे. माझी पसंती वायरगार्डला आहे. मार्च २०२० मध्ये ते लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या ५.६ या आवृत्तीत थेट समाविष्ट झाले आणि आता अनेक घरगुती राउटरमध्येही मिळते. बाहेर फक्त एक यूडीपी पोर्ट उघडा राहतो, सामान्यतः ५१८२०, आणि ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही अशा माणसाला तो पोर्ट उत्तरच देत नाही. दार ठोठावणाऱ्याला आत कोणी राहते की नाही एवढेही कळत नाही. मोबाइलवर व्हीपीएन चालू केले की आपण जणू कारखान्याच्या वायफायवरच बसलेले असता; डीव्हीआरचा एकही पोर्ट बाहेर दाखवावा लागत नाही आणि निर्मात्याचा सर्व्हरही मध्ये येत नाही. वाळूजच्या मित्रांनी एका रविवारी हे करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

सीजीनॅटच्या आत असलेल्या मांजरातीर यांच्यासारख्यांना टेलस्केलसारखी सेवा उपयोगी पडते. ती वायरगार्डवरच उभी आहे, पण दोन्ही टोके आतून बाहेर संपर्क करतात, त्यामुळे गढी आड येत नाही. त्यासाठी शेडवर कायम चालू राहणारे एखादे छोटे यंत्र, उदाहरणार्थ रास्पबेरी पाय, ठेवून त्याला आतल्या सगळ्या वसाहतीचा रस्ता दाखवायला सांगावे लागते. येथे एक घोटाळा टाळावा. टेलस्केल आपल्या यंत्रांना १०० ने सुरू होणारेच पत्ते देते, म्हणून तो आकडा पाहून कोणी सीजीनॅटचे निदान करू नये.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई नाही आणि सेवादात्याने ती दिली असेल तर सीजीनॅटचा प्रश्न मुळातूनच सुटतो, परंतु डीव्हीआर, राउटरची फायरवॉल आणि मोबाइलची जोडणी हे तिन्ही त्यासाठी तयार असावे लागतात. आपल्या भागातील छोट्या केबलवाल्यांकडे आज मी त्याच्या भरवशावर काम करत नाही.

मांजरातीर :

मनापासून आभार. शेडवरचा माझा खरा शत्रू नेटवर्कपेक्षा वीज आहे. शेतीच्या वाहिनीवर वीज काही तासच मिळते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि नेमकी ज्या रात्री नसते त्या रात्री कॅमेरा आंधळा होतो. शिवाय पहिल्याच आठवड्यात सिमचा दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपू लागला. घरातील सर्वांनी ॲप उघडून शेड पाहत बसण्याची सवय लावून घेतली होती.

बालाघाट :

डेटाचा हिशेब सोपा आहे. मुख्य प्रवाह २ एमबीपीएसचा असेल तर एक तास पाहण्यात ९०० एमबी जातात. ५१२ केबीपीएसच्या सबस्ट्रीमवर (कमी दर्जाच्या दुय्यम प्रवाहावर) तोच तास सुमारे २३० एमबीमध्ये भागतो. चोवीस तासांचे चित्रण शेडवरच मेमरी कार्डावर होऊ द्यावे आणि सिमवरून फक्त सबस्ट्रीम पाहावी. हालचालीची सूचना मात्र कॅमेऱ्याला माणूस ओळखता येत असेल तरच चालू ठेवा. नाही तर रात्री कुत्री, मांजरे आणि वाऱ्याने हलणारी ताडपत्री आपल्याला झोपू देणार नाहीत.

विजेसाठी मी असा हिशेब धरतो. दोन कॅमेरे आणि ४जी राउटर मिळून १५ वॉट धरले, तर दिवसाला ३६० वॉट-तास होतात, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून ३० अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीतून निम्म्यापेक्षा अधिक काढू नये, म्हणून एका दिवसासाठी ६० आणि आभाळ दोन दिवस भरून राहिले तरी चालावे म्हणून १२० अँपिअर-तासांची बॅटरी. ३६० वॉट-तास सुमारे साडेचार तासांच्या चांगल्या उन्हात भरायचे तर ८० वॉटचे पॅनेल पुरेसे दिसते, परंतु धूळ, उष्णता आणि तारेतील घट धरून १५० वॉटचे घ्यावे. रास्पबेरी पाय ठेवणार असाल तर त्याचे चार-पाच वॉट यात मिळवावे लागतील. इन्व्हर्टर मध्ये आणू नका. १२ व्होल्टची यंत्रे १२ व्होल्टवरच चालवावीत, मात्र चार्ज होताना बॅटरीचा व्होल्टेज १४ च्या वर जातो, म्हणून राउटरच्या आधी व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा कन्व्हर्टर लावावा.

आणखी एक गोष्ट, कारण मी ती दर वैशाखात पाहतो. घरापासून शेडपर्यंत उघड्यावरून तांब्याची लॅन केबल नेऊ नका. तिची मर्यादा तशीही १०० मीटरची आहे, आणि पूर्वमोसमी विजांच्या दिवसांत ती केबल दोन्ही टोकांची यंत्रे एकदम घेऊन जाते. फायबर नेला तर त्यातून वीज वाहत नाही. फक्त त्याच्या आत आधाराची लोखंडी तार नसलेला प्रकार निवडावा.

दुधनाकाठ :

होळीला तीन दिवस गावी जाऊन आलो, आणि काय घडले ते क्रमाने लिहितो.

आतला राउटर ॲक्सेस पॉइंट केला, सगळे घर १९२.१६८.१ मध्ये आणले, डीव्हीआरसाठी ओसरीतल्या डब्यात पत्ता राखून ठेवला. पोर्ट, डीएमझेड आणि यूपीएनपी तिन्ही बंद केले. क्लाउडच्या पानावर दोन मिनिटांत 'ऑनलाइन' असे आले. मला वाटले काम झाले. परंतु माझ्या ॲपमध्ये क्यूआर कोड दाखवून यंत्र जोडायला गेलो तर 'हे उपकरण दुसऱ्या खात्याशी जोडलेले आहे' असा संदेश आला. तेव्हा उलगडा झाला की तंत्रज्ञांनी बसवण्याच्या दिवशीच ते स्वतःच्या मोबाइलच्या खात्याला जोडले होते, आणि मला दिवाळीत जे चित्र दिसत होते ते निव्वळ घरातल्या नेटवर्कवरचे होते. म्हणजे गेटवे बरोबर झाल्या क्षणापासून आमच्या घराचे चित्र पाहण्याची सोय त्यांच्याकडे होती आणि माझ्याकडे नव्हती. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. सवयीने केले असेल. तरीही आई अंगणात बसते ते एक परका माणूस पाहू शकत होता, हा विचार मला फार लागला. त्यांना फोन करून खाते सोडायला लावले, डीव्हीआरचा ॲडमिन पासवर्ड बदलला, आणि यंत्र माझ्या खात्याला जोडले.

नंतर मोबाइलचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तपासले. चित्र आले. पुण्यात परतल्यावरही येते आहे.

बालाघाट :

वायफाय बंद करून तपासलेत हे फार चांगले केले. घरच्याच वायफायवरून तपासून 'चालते' असे सांगून जाणारे पुष्कळ आहेत.

खात्याची ही बाब मी आधीच विचारायला हवी होती. कॅमेरे बसवून घेणाऱ्या प्रत्येकाने तंत्रज्ञ घराबाहेर पडण्यापूर्वी स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या खात्यात यंत्र जोडून घ्यावे आणि ॲडमिन पासवर्ड स्वतः टाइप करावा. भावासाठी किंवा शेजाऱ्यांसाठी ॲपमधून फक्त पाहण्याची परवानगी वाटून द्यावी. ॲडमिन पासवर्ड घरातल्या दोघांपलीकडे जाऊ नये. नवे कॅमेरे घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सुरक्षा निकषांची चाचणी लागू झाली आहे. दुकानात स्वस्तात मिळणारा जुना साठा घेताना ते विचारावे.

आता आपल्याकडे उरलेल्या दोन गोष्टी. डीव्हीआरच्या घड्याळात जीएमटी अधिक ५:३० ही वेळ आणि एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय) चालू असल्याची खात्री करा. आता इंटरनेट मिळत असल्याने वेळ आपोआप बरोबर राहील. परसात पुन्हा कोणी आले आणि चित्रणावर भलतीच तारीख निघाली, तर पोलिसांपुढे ते दाखवताना अडचण होते. आणि साठ्याचा हिशेब पाहा. २ एमबीपीएसने एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी लिहितो, चार कॅमेरे ८६.४ जीबी, म्हणजे १ टीबीच्या डिस्कवर साधारण साडेअकरा दिवसच राहतात. यंत्रात एच.२६५ (चित्र अधिक दाबून साठवण्याची पद्धत) ची सोय असेल तर तीच निवडावी. बिटरेट जवळपास निम्मा ठेवूनही तेवढेच स्पष्ट चित्र मिळते, आणि दिवस दुपटीच्या जवळ जातात.

घरात इन्व्हर्टर आहे ना? डीव्हीआर, कॅमेऱ्यांचा पॉवर सप्लाय, आतला राउटर आणि ओसरीतला डबा हे चारही त्यावर आहेत का, ते एकदा पाहा.

दुधनाकाठ :

आपण विचारले आणि मी लगेच वडिलांना फोन केला. मेन स्विच बंद करून पाहिल्यावर कळले की डीव्हीआर, कॅमेरे आणि आतला राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतात आणि ओसरीतला फायबरचा डबा मात्र बंद होतो. ओसरीतली वायरिंग आजोबांच्या काळची आहे, इन्व्हर्टरची लाइन तेथपर्यंत गेलेलीच नाही. त्यामुळे वीज जाताच चित्रण होत राहते, पण मला पुण्यात काहीच दिसत नाही.

आईचे एक म्हणणे मी येथे नोंदवून ठेवतो, कारण इतर कोणाच्या घरीही हा प्रश्न येईल. एक कॅमेरा तंत्रज्ञांनी माजघराच्या दाराकडे तोंड करून लावला होता. आई म्हणाली की मुलगा पाहतो त्याचे काही नाही, पण सतत कोणीतरी पाहत आहे असे वाटून पदर सारखा सावरावा लागतो. तो कॅमेरा होळीच्या दुसऱ्याच दिवशी काढून परसाच्या भिंतीकडे वळवला. चोर आला होता तोही तिकडूनच.

बालाघाट :

आईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. घराच्या आत कॅमेरा नकोच. दारे, परस आणि वाहनाची जागा एवढे पुरे.

ओसरीसाठी संपूर्ण वायरिंग बदलण्याची गरज नाही. फायबरचे बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. डब्याच्या अडॅप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचा आकडा वाचून तेवढ्या क्षमतेचा राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्यावा. तो डब्याशेजारीच बसतो आणि काही तास सहज काढतो. केबलवाल्याच्या बाजूलाही वीज गेली तर मात्र आपला उपाय चालणार नाही, म्हणून त्यांच्याकडे बॅकअप किती तासांचा आहे हे विचारून ठेवा.

वाळूजची पाळी :

मी रविवारी माझ्या राउटरवर वायरगार्ड बसवले आणि डीव्हीआरचा पाचअंकी पोर्ट बंद केला. राउटरच्या नोंदी उघडून पाहिल्या, तर गेल्या काही दिवसांत त्या पोर्टवर किती परक्या पत्त्यांनी संपर्क केला होता हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. बालाघाट आणि पूर्णाकाठ या दोघांचेही आभार.

दुधनाकाठ :

अडॅप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे लिहिले आहे. यूपीएस मागवला, आणि शेजारच्या मुलाने तो काल बसवला. केबलवाल्यांकडे चार तासांचा बॅकअप आहे, असे ते म्हणाले. काल रात्री गावात साडेनऊला वीज गेली तेव्हा मी पुण्यात ॲप उघडून बसलो होतो. चित्र थांबले नाही. पावणेदहाला वडील विजेरी घेऊन परसात आले, भिंतीवरून एकदा प्रकाश फिरवला, कॅमेऱ्याकडे पाहून हात वर केला आणि आत जाऊन दाराला कडी लावली.